कप्पे नंतर, आधी पाय

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वर्कबेंचचं चित्र पाहिलं. खाली कप्पे, बाजूला हत्यारं टांगायची फळी, मागे दिव्याची सोय. हौस भरपूर आहे. पण या टेबलावर रंधा मारायचा आहे, हे चित्र काढताना तू विसरलास की काय? रंधा मारणारा माणूस टेबलाला नुसता वरून दाबत नाही, आडवा ढकलतो, तोही अंगाचा भार टाकून. वरचं वजन कुठलंही टेबल पेलतं. तुझं अभ्यासाचं टेबल घे. त्यावर उभा राहिलास तरी ते मोडणार नाही, पण कडेला धरून ढकललंस की डुलेल. तुझं बेंचही तसंच डुलणार, कारण पाय आणि आडव्या पट्ट्या तू नुसत्या स्क्रूने जोडल्या आहेस. स्क्रू पहिल्या दिवशी घट्ट वाटतात. रोजच्या हिसक्यांनी त्यांच्याभोवतीचं लाकूड दबत जातं, भोक सैल होतं आणि मग कितीही आवळ, स्क्रू नुसता फिरत राहतो.

म्हणून कप्पे सध्या खोडून टाक आणि सगळं डोकं पायांत घाल. पाय साधारण 90 मिलिमीटर चौरस घे. खालच्या आडव्या पट्ट्या रुंद हव्यात, 120 ते 140 मिलिमीटर. तू दाखवलेली 50 ची पट्टी दिसायला नाजूक आहे, पण डुलणं थांबतं ते पट्टीचा खांदा, म्हणजे तिच्या टोकाचा सपाट भाग, पायाला वरपासून खालपर्यंत टेकतो म्हणून. जेवढा खांदा रुंद, तेवढी त्याची पकड मोठी. पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे खांद्यातून पुढे आलेली अरुंद जीभ, काढायचं, पायात तेवढंच भोक पाडायचं आणि कुसू त्यात मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी जाईल इतकं तंग ठेवायचं. हाताने सहज सरकलं तर सैल झालं. हाणून घालावं लागलं तर पाय फाटेल.

आता खुंटीची युक्ती. ही मला सगळ्या सुतारकामात सगळ्यात आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी रिकाम्या भोकाच्या दोन्ही भिंतींतून, पायात आरपार छिद्र पाड. मग कुसू घाल, खांदा नीट टेकव आणि त्याच छिद्रातून ड्रिलच्या पात्याचं टोक टेकवून कुसवावर खूण कर. कुसू बाहेर काढ. आता कुसवातलं छिद्र त्या खुणेवर पाडायचं नाही. दीड-दोन मिलिमीटर खांद्याकडे सरकवून पाडायचं. पुन्हा जोडल्यावर छिद्रं किंचित चुकलेली दिसतील, तशीच दिसायला हवीत. कठीण लाकडाची, तंतूंच्या रेषा लांबीला सरळ जातात अशी खुंटी घे, टोकाकडे निमुळती तास आणि ठोकायला लाग. खुंटी वाट काढताना कुसवाला आत ओढते आणि खांदा पायावर घट्ट आवळला जातो. मोगरीचा आवाज आधी पोकळ येतो, मग एकदम भरीव होतो. तिथे थांबायचं. असा सांधा सरसाशिवायही वर्षानुवर्षं सुटत नाही. मात्र छिद्रं चारपाच मिलिमीटर चुकवलीस तर खुंटी तरी मोडेल, नाहीतर कुसवाचं टोक तरी फुटेल.

वरची फळी 75 मिलिमीटर जाड कर. हा हट्ट नाही, हिशेब आहे. जाडी दुप्पट केली की फळीचा ताठपणा आठपट होतो. एवढी जाड अखंड फळी शोधत बसू नकोस. अरुंद पट्ट्या कडेवर उभ्या करून एकमेकींना सरसाने चिकटव. त्याआधी प्रत्येक पट्टीच्या रेषा कुठल्या दिशेला चढतात ते बघून सगळ्या एकाच दिशेला लाव. एखादी उलटी बसली की नंतर रंधा मारताना तिथलेच तंतू उपटून निघतात आणि आयुष्यभर टोचत राहतात. लाकूड साग असायची गरज नाही. वाळलेलं, जड आणि सरळ असलं की झालं. पाइनसुद्धा चालेल, फक्त माप थोडं सढळ धर.

पाय फळीच्या पुढच्या कडेशी एका रेषेत आण. तुझ्या चित्रात ते चार बोटं आत आहेत, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. अठराव्या शतकात आंद्रे रूबो नावाच्या फ्रेंच सुताराने जे बेंच रेखाटून ठेवलं, त्यातही पाय असेच कडेशी आहेत. कारण सरळ आहे. दाराची लांब फळी कडेवर उभी धरून तासायची झाली की तिला वर टेबलाची कड आणि खाली पाय, दोन्हींचा आधार मिळतो.

लाकूड रुंदीत फुगतं आणि आक्रसतं, लांबीत जवळपास नाहीच. सहाशे मिलिमीटर रुंद फळी दमट आणि कोरड्या हवेत पाचेक मिलिमीटर सहज हलते. तेव्हा पुढच्या बाजूला ती पक्की बसव, मागच्या बाजूला बोल्टची छिद्रं लांबट ठेव, म्हणजे जे सरकायचं ते मागे सरकेल. चारी बाजूंनी जखडलीस तर फळी तडकेल. चौकट काटकोनात आहे की नाही ते गुण्यापेक्षा कर्ण मोजून बघ. दोन्ही कर्ण सारखे आले की बास.

व्हार्निश नको, त्यावर काम सरकतं. जवसाच्या तेलाचा हात पुरे. पण तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. मोकळ्या हवेत पसरून वाळव, मगच टाक. यात हयगय नको.

आता उंची. ती मला इथून ठरवता येत नाही. कामाच्या चपला घालून सरळ उभा राहा, हात सैल सोड आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत माप घे. मुठीच्या उंचवट्यापर्यंतचंही घे. रंध्याचं काम जास्त असेल तर मुठीच्या मापाकडे झुकायचं, बारीक जोडकाम जास्त असेल तर मनगटाच्या. दोन्ही आकडे कळव आणि तोवर पायांना करवत लावू नकोस.

तुझी,
आई