चिठ्ठीशिवाय मिळणारी वांगाची ट्यूब

महोदय,

तासगावात मी ब्युटीपार्लर चालवते. लग्नसराईच्या तोंडावर गिऱ्हाईक वाढतं, तसे वांगाच्या, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांच्या, ट्यूबने बिघडलेले चेहरेही वाढतात. आरशावरच्या दिव्याखाली ते लपत नाहीत. गाल लालबुंद, कातडीखाली बारीक शिरांचं जाळं, हनुवटीवर दाट लव. ओठावर थ्रेडिंगचा दोरा फिरवला तरी साल निघते. विचारलं की उत्तर ठरलेलं, “वांग होता ताई, मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली. सुरुवातीला काय उजळले होते!”

या ट्यूबमध्ये बहुधा रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, कातडीची साल काढणारं ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टिरॉइड एकत्र असतं. औषध वाईट नाही. त्वचारोगतज्ज्ञ ते वांगावर ठरावीक मुदतीपुरतं, लक्ष ठेवून देतात. आमच्याकडे मात्र ते वर्षानुवर्षं पावडरीच्या जागी लावलं जातं. बंद केलं की चेहऱ्याची आग होते, पुटकुळ्या उठतात, की बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. म्हणून ती सोडायचीही डॉक्टरांना दाखवूनच.

वांग म्हणजे काही मळ नव्हे, घासला आणि गेला. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आई-मावशीकडून आलेली प्रवृत्ती, अशी त्याची कारणं. बरा झालेला वांगही उन्हाने परत येतो. ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागेत सावली कुठली? तिथे राबणाऱ्या बाईला आधी तोंडावर ओढणी आणि सनस्क्रीन हवं, तेही शक्यतो आयर्न ऑक्साइडचं, रंगाची झाक असलेलं; कारण नुसत्या उजेडानेही वांग गडद होतो. त्याशिवाय अझेलिक अ‍ॅसिडसारखी बिनस्टिरॉइडची औषधं आहेत. गुण यायला महिने लागतात, ही खरी अडचण. लग्न पंधरा दिवसांवर आलेलं असतं.

2018 साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची 14 स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. काउंटरवर चिठ्ठी मागतं कोण? ट्यूबवरची सूचना इंग्रजीत, तीही मुंगीच्या अक्षरांत. ती मराठीत, ठळक छापायला लावा.

आमच्या धंद्यातलेही सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत. कोल्ड क्रीममध्ये हीच ट्यूब कालवून ‘स्पेशल फेशियल’ म्हणून खपवणारे आहेत. अन्न व औषध प्रशासनाने मेडिकल तपासताना पार्लरमधले बिनलेबलचे डबेही उघडून बघावेत. माझ्या पार्लरपासून सुरुवात केली तरी चालेल.

– एक पार्लरचालक, तासगाव (जि. सांगली)