डाग दिसला की कोडच आठवतं

सोलापूर

प्रिय संज्या,

तुझ्या चिनूच्या गालावरच्या फिकट डागांचे फोटो पाहिले. मी डॉक्टर नाही, औषधाच्या दुकानात जन्म काढलेला माणूस. त्यामुळे फोटोवरून निदान माझ्याकडून ऐकू नकोस. पण तू विचारलंस डागाबद्दल आणि घाबरलायस कोडाला. पत्रात तो शब्द एकदाही लिहिला नाहीस, त्यावरूनच कळलं.

कोडाचा डाग दुधासारखा पांढराफेक असतो, कडा आखून काढलेल्या. कधी त्यावरचे केसही पांढरे होतात. शरीराची प्रतिकारशक्तीच रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून डॉक्टर थायरॉइडही तपासायला सांगतात. कोड लागत नाही, आणि दूध-मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही. लवकर दाखवलं तर उपचारांनी बऱ्याच जणांचा रंग परतही येतो.

चिनूचे डाग मला तसे वाटत नाहीत. फिकट आहेत, कडा पुसट, वर बारीक कोंडा. तिच्या वयाच्या, कोरड्या त्वचेच्या मुलांच्या गालावर असे डाग सर्रास येतात. डॉक्टर त्याला पिटिरियासिस आल्बा म्हणतात. उन्हाने बाकीचा चेहरा रापतो, डाग तेवढा रापत नाही, म्हणून मे महिन्यात तो जास्त उठून दिसतो. साधं मॉइश्चरायझर लावायचं, ऊन टाळायचं आणि धीर धरायचा. रंग सारखा व्हायला काही महिने, कधी वर्षही जातं. काकूंना जंतांची शंका आहे, तुझ्या शेजाऱ्यांना कॅल्शियमची. असा डाग दिसला की लोक दुकानात येऊन आधी कॅल्शियमच्या गोळ्याच मागतात. संबंध काही नाही, पण ‘नाही’ म्हटलं की पुढच्या दुकानात जातात.

हॉस्टेलवर तुझ्या पाठीवर शिबं उठली होती, आठवतं? ती बुरशी. आपल्या सगळ्यांच्याच अंगावर ती असते, घाम आणि तेलकटपणा मिळाला की माजते. औषधाने मरते लवकर, पण रंग भरायला महिने लागतात. मग माणसाला वाटतं औषध लागू पडलं नाही, आणि तो कुणीतरी सांगितलेली स्टेरॉइडची ट्यूब चोळतो. त्याने बुरशी उलट पसरते, त्वचाही पातळ होते. या ट्यूबांचा मला मनापासून राग आहे. गोरं व्हायची क्रीम म्हणून त्या चेहऱ्याला लावणारेही भेटतात.

काकूंच्या पायांवरचे तांदळाएवढे ठिपके मात्र वयाचे आणि उन्हाचे असावेत. आणि वहिनींना सांग, टिकलीच्या जागी कपाळ पांढरं पडायला लागलं तर टिकली लगेच बंद. काही टिकल्यांच्या गोंदातलं रसायन रंगाच्या पेशी मारतं. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असे डाग पडतात.

घाई करावी असा डाग वेगळाच. फिकट किंवा लालसर, खाजत नाही, आणि तिथे कापूस फिरवला तर कळत नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. लोक लाजेने लपवतात, तेवढ्यात नसा जातात आणि बोटं वाकडी होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभराचा कोर्स. कायदासुद्धा आता सुधारलाय: कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ साली काढून टाकलं.

तेव्हा चिनूला एकदा त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. ते एका खास निळसर-जांभळ्या दिव्याखाली डाग बघतील; कोड असेल तर तिथे लख्ख चमकतं. दुखत नाही, सुई नाही, चिनूला आधीच सांगून ठेव. आणि लोक कोडावर लावतात ते बावचीचं तेल तोवर बाजूला ठेव. लावून उन्हात गेलं की फोड येतात, ते तर पोरीच्या गालावर नकोच.

तिच्या लग्नाची काळजी आत्तापासून करू नकोस, ती तिसरीत आहे. तिच्यासमोर तो डाग सारखा बघत बसू नका एवढं वहिनींनाही सांग.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव. लिहून दिलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठव, नावं वाचता आली नाहीत तर मी वाचून देईन. आमचा त्यात हातखंडा.

तुझा,
दिल्या