गाबाची कॅप्सूल आणि सासूबाईंची गोळी

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत डोकं शांत ठेवण्यावर अख्खं पान होतं, त्यात झोपेच्या गोळ्या फेकून द्या आणि गाबा नावाच्या मेंदूतल्या रसायनाच्या कॅप्सूल सुरू करा असं छापलंय. आमच्या सासूबाईंनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि कोणाला न सांगता त्याच रात्रीपासून गोळी बंद केली. सात वर्षांची सवय हो, अल्प्राझोलमची. बुधवारी सकाळी चहा दिला तर कप बशीत खडखड वाजत होता, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि वर म्हणतात काही नाही गं, थंडी वाजतेय. मे महिन्यात, इंदूरात!

डॉक्टर आधी रागावले, मग नीट समजावलं. मेंदूत ग्लुटामेट नावाचं रसायन पेशींना चेतवतं आणि त्याच ग्लुटामेटपासून मेंदू गाबा बनवतो, जो पेशींना आवरतो. गाबा पेशीवरच्या कुलपात बसला की क्लोराइडचे कण आत शिरतात, पेशी आतून जास्त निगेटिव्ह होते आणि तिला पुढे निरोप पाठवणं जड जातं. मला हे ताटावरून कळलं, स्टीलचं ताट हातातून पडून वाजत राहतं ना, त्याला बोट लावलं की गप्प, तसं. १९५० साली अमेरिकेत युजीन रॉबर्ट्स यांना हा गाबा उंदरांच्या मेंदूत सापडला. पाठीच्या कण्यात हेच आवरायचं काम बरंचसं ग्लायसिन नावाचं दुसरं रसायन करतं. धनुर्वातात जंतूंचं विष नेमकं हे दोन्ही सुटूच देत नाही, म्हणून जबडा मिटतो आणि अंग धनुष्यासारखं ताणतं, नाव किती बरोबर ठेवलंय बघा.

आता गोळीचं. अल्प्राझोलम म्हणजे गाबा नाही, ती गाबाचं बोट ताटावर जरा जोरात दाबते एवढंच. पण रोज दाबल्यावर मेंदूला सवय होते, त्याचं स्वतःचं आवरणं ढिलं पडतं, आणि मग एका रात्रीत गोळी काढून घेतली की सगळं ताट एकदम वाजायला लागतं. झोप उडते, हात कापतात, घाबरं होतं, कोणाला चक्क फिटसुद्धा येते. आम्ही थोडक्यात वाचलो. दारूसुद्धा याच कुलपावर काम करते, म्हणून गोळी आणि पेग एकत्र झाले तर श्वास मंदावतो, हे त्या पानावर एका ओळीत तरी यायला हवं होतं, लग्नसराई चालू आहे.

आणि ती कॅप्सूल? पोटातून घेतलेला गाबा रक्तातून मेंदूत फारसा शिरतच नाही. पैसे गेले ते गेले.

आमच्या गल्लीत अर्ध्या काकू-मावश्या हीच गोळी घेतात, एकमेकींना पानसुपारीसारखी देतातही, आणि चिठ्ठीशिवाय विकायची मनाई असूनही मेडिकलवाला नुसतं गोळीचं नाव विचारून पट्टी हातात ठेवतो. सोडायचीच आहे सगळ्यांना, पण डॉक्टरांनी सासूबाईंना परत सुरू करून काही महिन्यांत हळूहळू कमी करायचा तक्ता दिलाय. सुरीने चुरा होतो म्हणून गोळी कापायची प्लास्टिकची डबी आणलीये, रात्री जेवणं झाली की त्या स्वतः कापतात आणि उरलेला तुकडा मला मोजून दाखवतात.

येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा. सासूबाई बारीक अक्षर वाचत नाहीत.

आपली एक वाचक,
रामबाग, इंदूर