उरलेल्या लोकरीचं ब्लँकेट – शनिवारी चौकोन आणा
मैत्रिणींनो, शनिवारी दुपारी 4 ला क्लबहाऊसमध्ये भेटतोय, येताना विणून झालेले चौकोन आणा.

- चौकोन 8 बाय 8 इंच. 8 नंबरच्या सुया, साधारण 36 टाके, सगळ्या ओळी सुलट. पण पट्टीने मोजा गं, कुणाचा हात घट्ट कुणाचा सैल, मागच्या वेळी माझाच चौकोन पोळपाटाएवढा झाला होता 😄
- 30 चौकोनांचं एक ब्लँकेट होतं, 5 बाय 6.
- अस्सल लोकर आणि अॅक्रिलिक एकत्र नको, गरम पाण्यात लोकर आटते आणि सगळं ब्लँकेट वेडंवाकडं होतं.
- रंग कुठलाही चालेल. धाग्याची सुटी टोकं मात्र घरूनच विणीत ओवून आणा, प्लीज!

जोडायला बोथट सुई मी आणते.