श्रमबाजाराचा अभ्यास उसाच्या फडातही व्हावा

संपादक महोदय,

विकासाचे अर्थशास्त्र आणि श्रमबाजार या विषयांवरील प्राध्यापकांचे संशोधन बहुतेक वेळा ग्रंथालयातच राहते, याची अर्थशास्त्राचा माजी विद्यार्थी म्हणून मला खंत वाटते. शेतीतील अतिरिक्त श्रमिक उद्योगाकडे वळतात, हे अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलेले प्रतिमान आम्ही परीक्षेपुरते पाठ केले. त्यात सहजी न बसणारे वास्तव मात्र दर गळीत हंगामात सांगली जिल्ह्यातील वाळवा, पलूस भागातील फडांत दिसते. बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोड कामगारांना मुकादमामार्फत, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थामार्फत, उचल (आगाऊ रक्कम) मिळते, पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि टनावर ठरलेली मजुरी त्या उचलीत वळती होते. त्यामुळे हंगामाच्या मध्यात अन्यत्र जादा दर मिळत असला तरी कामगाराला सहसा जाता येत नाही आणि स्त्रीच्या श्रमाचा मोबदला, तिने बरोबरीने राबूनही, स्वतंत्रपणे तिच्या हाती पडत नाही. मागणी-पुरवठ्याच्या आलेखात हे बंधन दिसत नाही. ते फडावर जाऊन विचारावे लागते.

सांगली जिल्ह्यातीलच विसापूर परिसरात विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगातून राज्याची रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, हेही येथील विद्यार्थ्यांना सविस्तर शिकवले पाहिजे. विद्यापीठाने पदवीच्या अंतिम वर्षासाठी क्षेत्रपाहणी अनिवार्य करावी, अध्यापकांना त्यासाठी वेळ व निधी द्यावा आणि निष्कर्ष मराठीत, ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचतील असे प्रसिद्ध करावेत, ही विनंती.

– एक वाचक, सांगली