बंड्यास पत्र: अयाका, घड्याळ आणि लाल शर्ट

केटी, टेक्सास

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. ‘एवढं तेल असून हे व्हेनेझुएलाचे लोक देशोधडीला कसे लागले, तुझ्या शेजाऱ्यांना विचारून कळव,’ असं फर्मान सोडलंस. विचारलं नाही, मुद्दामच. इथल्या व्हेनेझुएलाच्या माणसाला हे विचारलं की उत्तराआधी त्याची बाजू कळते आणि पुढची सगळी संध्याकाळ त्या बाजूतच बुडते. अर्थशास्त्र तू माझ्यापेक्षा जास्त वाचतोस. मी आपलं घरातलं सांगतो.

ह्यूस्टनच्या पश्चिमेला आमचं हे गाव. व्हेनेझुएलाची मंडळी इतकी की लोक गमतीने ‘केटीझुएला’ म्हणतात. त्यात तेलवाले पुष्कळ. २००२ च्या डिसेंबरात तिथल्या सरकारी तेल कंपनीत संप झाला आणि पुढच्या काही महिन्यांत तेव्हाचा अध्यक्ष ह्यूगो चावेझ याने सुमारे १८,००० लोकांना घरी पाठवलं. माझा शेजारी त्यातलाच, भूगर्भतज्ज्ञ. पण त्याच्या डोक्यातून जात नाही ती त्याआधीची, एप्रिल २००२ ची गोष्ट. चावेझने टीव्हीवर कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांची नावं एकेक करून वाचली आणि रेफरीसारखी शिट्टी फुंकून त्यांना ‘बाहेर!’ केलं. थेट प्रक्षेपण चालू होतं आणि समोरचे लोक टाळ्या वाजवत होते. ‘नोकरी गेल्याचं एवढं काही नाही रे, त्या टाळ्या नाही विसरता येत,’ असं तो म्हणतो.

तो कार्यक्रम म्हणजे ‘आलो प्रेसिदेन्ते’, म्हणजे ‘हॅलो, अध्यक्षमहाशय’. १९९९ पासून २०१२ पर्यंत, बहुतेक रविवारी सकाळी अकराला सुरू व्हायचा आणि संपायची वेळ देवालाही ठाऊक नसायची. कधी पाच तास, कधी सात. अध्यक्षमहाशय गाणी म्हणत, बालपणीच्या आठवणी सांगत, बेसबॉलवर बोलत, मंत्र्यांना सगळ्यांसमोर झापत. धोरण काय ठरलं ते मंत्र्यालाच टीव्हीवरून कळायचं. मार्च २००८ मध्ये तर रणगाड्यांसह दहा बटालियन कोलंबियाच्या सीमेवर पाठवायचा हुकूम याच कार्यक्रमात सुटला, जणू दुकानदाराला यादी सांगावी तसा. शिवाय ‘कादेना’ लागली की सगळ्या वाहिन्यांवर तेच भाषण. मालिकांवर जीव टाकणारा देश तो. ऐन रंगात नायिका गायब आणि पडद्यावर चावेझचा लाल शर्ट! शत्रूलासुद्धा त्याची नक्कल अचूक जमते. शेजारी दोन पेग झाल्यावर असा चावेझ करून दाखवतो की हसून पोट दुखतं. मग एकदम गप्प होतो.

आणि हे टीव्हीपुरतं राहिलं नाही. १९९९ मध्ये स्वातंत्र्यवीर बोलिव्हारवरून देशाचं नावच ‘बोलिव्हारियन प्रजासत्ताक’ झालं. २००६ मध्ये झेंड्यावर आठवा तारा आला आणि राजचिन्हातला घोडा मान मागे वळवून उजवीकडे धावत होता तो डावीकडे धावू लागला. घोडा मागे का बघतो, असं आपल्या धाकट्या मुलीने विचारलं, हे चावेझने स्वतःच सांगितलं होतं. २००७ च्या डिसेंबरात घड्याळं अर्धा तास मागे सरकली, चावेझनंतर अध्यक्ष झालेल्या मादुरोने २०१६ मध्ये ती पुन्हा पुढे केली. शेजारणीकडे माहेरचं एक भिंतीवरचं घड्याळ आहे. तिच्या वडिलांनी ते कधी बदललंच नाही, घरात सगळे मनातल्या मनात अर्धा तास वजा करत. मला हा हट्ट फार आवडला.

लाल शर्टाचंही तसंच. सरकारी नोकरीत असाल तर मोर्च्याला लाल घालून हजर राहायचं. नाही गेलात तर कोणीतरी टिपून ठेवणार, ही भीती. ती उगाच नव्हती. चावेझला पदावरून काढायचं का यावर मतदान घ्या, अशा अर्जावर लाखो लोकांनी सह्या केल्या होत्या, ती यादी २००४ मध्ये तास्कोन नावाच्या खासदाराने इंटरनेटवर टाकली. मग नोकरी देताना, सरकारी काम अडलं की, आधी यादीत नाव बघायचं. ‘ती यादी आता पुरून टाका,’ असं २००५ मध्ये खुद्द चावेझला म्हणावं लागलं. मला विचारशील तर कुठल्याही भाषणापेक्षा त्या यादीने जास्त नासाडी केली. सही केलेला भाऊ आणि न केलेला भाऊ, दोघांनाही एकमेकांच्या ताटात काय पडलं ते दिसायला लागलं.

आता दुसरी बाजू. डिसेंबरात शेजाऱ्यांकडे अयाका हा नाताळचा पदार्थ करतात. मक्याच्या पिठाची पातळ पोळी केळीच्या पानावर थापायची, आत मांसाचं सारण, ऑलिव्ह, मनुका, आणि पान मिटून दोऱ्याने बांधायचं. अख्खं घर ओळीने बसतं. मला मांस चालत नाही म्हणून दोऱ्याची गाठ मारायचं काम माझ्याकडे. घराचा नियम एकच, टेबलाशी राजकारण नाही. गेल्या वेळी तो शेजारणीच्या मावशीने मोडला. ती पेतारेची, म्हणजे काराकासच्या पूर्वेला डोंगरभर पसरलेल्या त्या वस्तीतली. पान पुसता पुसता शांतपणे म्हणाली, ‘आमच्या चढावर डॉक्टर आला तो चावेझमुळे. त्याआधी आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली उतरवायचो.’ खरंच होतं ते. क्यूबाला तेल जायचं, तिकडून डॉक्टर यायचे. वस्तीत विटांची छोटी इमारत, खाली दवाखाना, वर डॉक्टरचं बिऱ्हाड. शेजारी उठून फ्रीजमधून बर्फ काढायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

हीच मावशी २०१८ मध्ये पायी पूल ओलांडून कोलंबियात कुकुताला गेली. त्या वर्षी त्यांच्याच मध्यवर्ती बँकेच्या आकड्याने महागाई १,३०,००० टक्क्यांवर होती. २००८, २०१८ आणि २०२१ मिळून नोटांवरची चौदा शून्यं पुसली. ओळखपत्राच्या शेवटच्या आकड्यावरून कोणी कुठल्या वारी दुकानापुढे रांग लावायची ते ठरे. मग २०१६ पासून धान्याची सरकारी पेटी, तीही गल्लीतल्या सत्ताधारी पक्षाच्या माणसांमार्फत. तरी मावशी म्हणते, चावेझ चांगला होता, मादुरोने घाण केली. शेजारी म्हणतो, त्या घाणीचा पाया चावेझनेच खणला. १९८९ मध्ये बसच्या भाडेवाढीवरून काराकास पेटलं आणि सैन्याने गोळ्या घातल्या, तेव्हा हा शेजारी सुखवस्तू घरात होता आणि मावशी त्या डोंगरावर. मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच मी गाठी मारत बसतो.

बाकी मादुरोचा नाताळ तुला आवडेल. २०२४ मध्ये वादग्रस्त निवडणुकीनंतर त्याने तो १ ऑक्टोबरलाच सुरू झाल्याचं जाहीर केलं. लोकांच्या घरात अयाकाला मांस नाही आणि चौकात रोषणाई. आणि ऐक, हा गृहस्थ सत्यसाईबाबांचा भक्त, २००५ मध्ये पुट्टपर्तीला जाऊन आलेला. तुझ्या आईला सांग, खूश होईल. की नको होईल?

शेजारणीच्या माहेरचे व्हॉट्सॲपवर आता दोन ग्रुप आहेत. एकात सगळे आहेत, तिथे फक्त वाढदिवस. दुसऱ्यात तिचा थोरला भाऊ नाही. तो अजून तिथेच सरकारी शाळेत शिकवतो, आणि त्याच्या पोटापाण्याला डॉलर पाठवतो तो माझा शेजारी. त्याबद्दल दोघं चकार शब्द काढत नाहीत. ‘आपल्याकडेही’ असं लिहायला घेतलं होतं, पण राहू दे. तुझा चुलत्यांशी अबोला अजून चालू असेल तर कळव.

डिसेंबरात नक्की येतोयस ना? तिकीट आत्ताच काढ, नंतर महाग पडेल. तेलाचा प्रश्न तेव्हा तूच विचार, मी बर्फ आणायला उठेन. येताना पुरणपोळीसाठी जायफळ आण, इथलं बेचव असतं. काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या