पट्टीच्या डब्यात मराठी पत्रक हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेले दहा दिवस माझी भाची रोज सकाळी फोन करतेय, "मावशी, आजही दोन्ही रेघा गडदच." स्त्रीबीज कधी सुटतं ते ओळखायच्या पट्ट्या तिने मोबाइलवरून मागवल्या. तिला पीसीओडी आहे, म्हणजे अंडाशयाचा असा विकार, ज्यात बीज वेळेवर सुटत नाही. पट्टी लघवीतलं एलएच नावाचं संप्रेरक बघते, जे बीज सुटण्याच्या दीडेक दिवस आधी उसळतं. पीसीओडीत अनेकींचं एलएच मुळातच चढलेलं असतं, त्यामुळे पट्टी रोजच "आज" म्हणते. पाळी जाऊन सात वर्षं झालेल्या, म्हणून एलएच चढलेल्या माझ्या जाऊबाईंनाही ती तेच सांगेल!

मी तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं लॅबमध्ये काढली. आमच्या वेळी गर्भ आहे का ते बघायला काचपट्टीवर लघवीचा थेंब औषधात घोळवत बसायचो. नासलेल्या दुधासारखे कण दिसले तर गर्भ नाही, एकसंध राहिलं तर आहे. द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी गर्भाशयात वाढणारे द्राक्षांसारखे फोड) काढलेल्या बाईची लघवी दर आठवड्याला यायची. ती दहापट, शंभरपट पातळ करत कुठवर पॉझिटिव्ह येतं ते वहीत मांडायचो. उतरलेला आकडा पुन्हा चढला, की रोग उरल्याच्या शंकेने डॉक्टर तिला मुंबईला धाडायचे.

पुढे गर्भ ओळखायच्या पट्ट्या आल्या. एकदा तिसऱ्या महिन्यातली बाई आली. अंगावरून जातंय, उलट्यांनी बेजार, पोट महिन्यांच्या मानाने मोठं, आणि पट्टीवर रेघ जेमतेम. सहकारी म्हणाला, निगेटिव्ह लिहा. जुन्या खोडीने मी नमुना शंभरपट पातळ केला, तर रेघ ठसठशीत! ही पट्टी गरोदरपणातलं एचसीजी हे संप्रेरक शोधते; त्याच्या एकाच कणाला दोन प्रतिपिंडांनी (त्याला पकडणाऱ्या प्रथिनांनी) दोन बाजूंनी धरलं, तरच रेघ उमटते. इथे एचसीजी इतकं उदंड होतं की दोन्ही प्रतिपिंडं वेगवेगळी भरून गेली, जोडीच जुळेना. सोनोग्राफीत द्राक्षगर्भ निघाला.

याच्या उलटही होतं. मूल व्हावं म्हणून एचसीजीचं इंजेक्शन घेतलं, तर पुढे आठवडाभर किंवा जास्तही त्या औषधाचीच रेघ उमटते. पाचव्या दिवशी पेढे घेऊन आलेलं एक जोडपं मला अजून आठवतं.

भाचीच्या डब्यातलं पत्रक मी भिंग लावून वाचलं. सगळं इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. पीसीओडीचा उल्लेख होता, शेवटून दुसऱ्या ओळीत. इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डब्यात वाचता येईल असं मराठी पत्रक सक्तीचं करावं आणि ही पट्टी कोणाला फसवते ते त्यात पहिल्याच ओळीत छापावं, एवढी सरकारला विनंती.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, बार्शी